विश्लेषण : चेहरा काढताना डोळे कपाळावर का चढतात?

व्यक्तिचित्र ‘जमणे’ ही जन्मजात देणगी मानली जाते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग मापाचा असतो आणि माप शिकवता येते. मग आपल्या चित्रकलेच्या तासाला ते का शिकवले जात नाही?

‘‘सगळं बरोबर आहे हो सर. पण आमचे अण्णा वाटत नाहीत.’’

व्यक्तिचित्रांची कामे नुकतीच घेऊ लागलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. मिरजेजवळच्या एका गावातून एक गृहस्थ वडिलांचे ओळखपत्र घेऊन आले होते. वडील काही महिन्यांपूर्वी गेलेले. घरात त्यांचा समोरून काढलेला दुसरा धड फोटो नव्हता आणि वर्षश्राद्धाच्या आधी भिंतीवर लावायला चित्र हवे होते. ओळखपत्रावरचा चेहरा जेमतेम दोन सेंटीमीटरचा. चित्रात तो २४ सेंटीमीटरचा करायचा, म्हणजे बारापट. मी तो केला. केसांचा पोत, सदऱ्याची बटणे, गालावरची सावली, काही सोडले नाही. आणि मुलगा म्हणाला, अण्णा वाटत नाहीत.

रात्री चित्र उलटे टांगून मापायला बसलो, तेव्हा चूक सापडली. नाकाच्या बुडापासून वरच्या ओठाच्या कडेपर्यंतचे अंतर सहा मिलिमीटरने जास्त झाले होते. मूळ फोटोच्या हिशेबात ही चूक अर्ध्या मिलिमीटरची. पेन्सिलीच्या टोकाएवढी गफलत बारापट मोठी झाली आणि तेवढ्याने माणूसच बदलला.

त्या दिवसापासून ‘याचा हात चांगला आहे’, ‘हिला हातच नाही’ ही आपल्याकडची दोन लाडकी वाक्ये मला खटकू लागली. शाळेत, घरात, कलादालनातही ती सर्रास ऐकू येतात. मूल सातवी-आठवीत असताना मावशीचा चेहरा काढते, तो मावशीसारखा दिसत नाही, सगळे हसतात आणि ते मूल पेन्सिल ठेवते ते कायमचे. त्याचा हात बिघडलेला नसतो. त्याला मापायला कुणी शिकवलेले नसते, एवढेच. अर्थात, गुणवत्ता ओळखण्याच्या बाबतीत शाळा-घरांनाच दोष देण्यात अर्थ नाही. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, हे सर्वश्रुत आहे.

चूक हाताची की डोळ्याची?

हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनाही पडला होता. डेल कोहेन आणि सुसान बेनेट या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये नेमका हाच विषय घेतला : बहुतेक माणसांना जे दिसते ते काढता का येत नाही? हाताचे कौशल्य कमी पडते, काय काढावे याचा निर्णय चुकतो, स्वतःचे चित्र नीट दिसत नाही की समोरची वस्तूच चुकीची पाहिली जाते, अशा शक्यता त्यांनी एकेक करून तपासल्या. हाताचा वाटा अगदीच किरकोळ निघाला. मुख्य दोष पाहण्यातला होता.

हे पटत नसेल तर एक प्रयोग करा. आरशासमोर न जाता, आठवणीने एक चेहरा काढा. मग स्वतःच्या चेहऱ्यावर पेन्सिल उभी धरा. तिचे टोक हनुवटीला टेकवा आणि डोळ्याचा कोपरा येईल तिथे अंगठा ठेवा. तेवढेच अंतर आता डोळ्यापासून वर मोजा. पेन्सिल कपाळ ओलांडते, केसांच्या सुरुवातीला मागे टाकते आणि थेट टाळूपर्यंत पोहोचते. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर असतात. (माथा म्हणजे कवटी. फुगवलेले केस त्यात धरायचे नाहीत. नवशिका इथे हमखास फसतो.) आता मघाशी काढलेल्या चेहऱ्याकडे पाहा. दहांतल्या आठ-नऊ जणांचे डोळे वरच्या तिसऱ्या भागात गेलेले दिसतील, असे माझ्या वर्गांतला अनुभव सांगतो. २०१४ मध्ये ‘पर्सेप्शन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातही लोकांनी काढलेल्या चेहऱ्यांत डोळे पद्धतशीरपणे वर सरकलेले आढळले. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या गाजलेल्या पुस्तकात तर या दोषाला कवटीच छाटली गेल्याची उपमा आहे.

डोळे वर का चढतात? माणसाकडे पाहताना आपण त्याचे डोळे, नाक आणि ओठ पाहतो. ओळख, राग, लोभ, सगळे तिथेच कळते. कपाळ आणि डोके म्हणजे आपल्या लेखी रिकामी जागा. मेंदू ज्याला महत्त्व देतो ते मोठे करतो आणि उरलेले आवळतो. म्हणून नवशिक्याच्या चित्रात डोळे मोठे, कपाळ चिंचोळे आणि कान कुठेतरी चिकटवलेले असतात. रोजच्या जगण्यात ही सवय फार उपयोगाची आहे; गर्दीत ओळखीचा माणूस तिच्यामुळेच सापडतो. फक्त कागदावर ती दगा देते. मोजण्याचा उद्देश एवढाच, की मेंदूने भरलेला हा तपशील काही क्षण बाजूला सारावा.

मग शास्त्रातली प्रमाणे कशासाठी?

चेहऱ्याची मापे ठरवून देण्याची हौस फार जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात चेहऱ्याची लांबी बारा अंगुळे सांगितली आहे. चार अंगुळे कपाळ, चार नाक आणि चार त्याखालचा हनुवटीपर्यंतचा भाग. असे नऊ चेहरे म्हणजे १०८ अंगुळांचा उत्तम पुरुष. त्याच ग्रंथात त्याहून कमी उंचीचे आणखी चार पुरुषप्रकारही दिले आहेत. तिकडे रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसनेही चेहऱ्याचे तीन समान भाग केले : हनुवटी ते नाकाचे बूड, तिथून भुवया, तिथून केसांची सुरुवात. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरा एकाच तिहाईवर याव्यात, याचे मला आजही नवल वाटते. ड्युररचा मानवी प्रमाणांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५२८ मध्ये निघाला. त्यानेही एकच आदर्श न देता वेगवेगळ्या बांध्यांची मापे मांडली.

मूर्तिकाराला ही सूत्रे पुरतात. देवाचा चेहरा कोणा एकाचा नसतो, तो सर्वांना देवाचा वाटला की झाले. व्यक्तिचित्राचा प्रश्न नेमका उलटा असतो. लेस्ली फार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तरुण स्त्री-पुरुषांचे चेहरे प्रत्यक्ष मोजून जुनी सूत्रे पडताळली, तेव्हा त्यांतली बरीचशी बहुतेक चेहऱ्यांना लागूच पडत नव्हती. तीन भाग समान नव्हते. दोन डोळ्यांमध्ये बरोबर एक डोळा मावतो हा नियमही सगळीकडे बसत नव्हता.

म्हणजे सूत्रे टाकून द्यायची का? माझे मत तसे नाही. सूत्र हा गवंड्याचा ओळंबा आहे. भिंत त्याच्याशी ताडून पाहायची असते, ओळंब्याची भिंत बांधायची नसते. डोके पाच डोळे रुंद असते, हे मनात ठेवून समोरच्याकडे पाहिले की लगेच दिसते : याच्या दोन डोळ्यांत अंतर जरा जास्त आहे, हिची हनुवटी तिहाईपेक्षा आखूड आहे. नियमापासूनचा हा फरक म्हणजेच तो माणूस. अर्कचित्रकार हाच फरक मोजतो आणि मग तो दुप्पट करतो. ज्याला फरक मोजता येत नाही, त्याचे अर्कचित्र नुसतेच मोठे नाक होऊन बसते.

आपल्या बाजारात मिळणाऱ्या ‘चेहरा काढा दहा मिनिटांत’ छापाच्या पुस्तकांचा घोळ इथे आहे. त्यांत अंडाकृती, मधली उभी रेष, निम्म्यावर आडवी रेष, असे सूत्र दिलेले असते आणि मूल ते पाठ करते. त्यातून एक चेहरा येतो, पण तो कोणाचाच नसतो. शिवाय ते सूत्र डोके सरळ आणि नजर समोर असेल तेव्हाचे आहे. माणसाने मान जरा खाली घातली की माथा मोठा दिसतो, डोळे निम्म्याच्या खाली येतात आणि कान वर सरकल्यासारखे वाटतात. मान वर केली की सगळे उलट. तान्ह्या बाळाचे डोळे तर मान सरळ असतानाही निम्म्याच्या बरेच खाली असतात. मोठ्या माणसाचे सूत्र लावून काढलेले बाळ म्हणूनच छोट्या प्रौढासारखे दिसते. जुन्या चित्रांत असे अकाली पोक्त बाळकृष्ण पुष्कळ सापडतील.

पेन्सिल हातात धरून मापायचे कसे?

चित्रकार हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिल धरतो, हे दृश्य सिनेमांनी इतके वापरले की ते ढोंग वाटू लागले. पण ते ढोंग नाही. पाहणाऱ्या डोळ्यापासून पेन्सिल ठरावीक अंतरावर राहावी, म्हणून कोपर ताठ ठेवायचे असते. समजा, ताणलेल्या हातातली पेन्सिल डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर आहे. दुसरे माप घेताना कोपर नकळत वाकले आणि पेन्सिल सहा सेंटीमीटर जवळ आली, तर माप दहा टक्क्यांनी चुकले. कागदावर डोके २० सेंटीमीटर उंच असेल तर ही चूक दोन सेंटीमीटरपर्यंत जाते. तेवढ्या डोक्यात अख्खा डोळाच तीन सेंटीमीटरच्या आत असतो! म्हणून वर्गात मी पहिल्या दिवशी चित्र काढू देत नाही, फक्त कोपर ताठ ठेवून खिडकीची लांबी-रुंदी ताडायला लावतो. मुले कंटाळतात, हे कबूल.

कोपरानंतर पेन्सिल. ती समोरच्या काल्पनिक काचेला चिकटल्यासारखी धरायची, मॉडेलच्या दिशेने झुकवायची नाही. झुकली की माप खोटे येते. एक डोळा मिटायचा, कारण दोन डोळ्यांना पेन्सिल दोन ठिकाणी दिसते. आणि आपले डोके जागचे हलवायचे नाही. खुर्ची अर्धा फूट सरकली तरी सुरुवातीची सगळी मापे रद्द समजावीत.

मोजायचे काय, हा पुढचा प्रश्न. इथे नवशिका डोळ्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. एक डोळा पापण्यांसकट सुंदर काढतो, मग दुसरा, मग खाली जागा उरत नाही. मोठ्याकडून लहानाकडे जावे. आधी कागदावर माथा आणि हनुवटी कुठे येणार याच्या दोन खुणा करायच्या आणि त्या शेवटपर्यंत हलू द्यायच्या नाहीत. मग डोक्याची रुंदी त्याच्या उंचीत किती वेळा जाते ते पाहायचे. सेंटीमीटर नको, गुणोत्तर हवे. ‘रुंदी उंचीच्या दोनतृतीयांशाहून थोडी जास्त’ एवढे कळले तरी चेहऱ्याची पेटी बरोबर येते आणि पेटी बरोबर आली की निम्मे साम्य तिथेच येते. त्यानंतर डोळ्यांची रेषा, मग नाकाचे बूड, मग ओठांची फट. प्रत्येक माप आधीच्या मापाशी ताडायचे. डोळा ते नाकाचे बूड हे अंतर घ्यायचे आणि तेवढ्याच अंगठ्याने खाली उतरून बघायचे, हनुवटी आली की राहिली?

उंची-रुंदीनंतर तिरपेपणा. हे काम पेन्सिल घड्याळाच्या काट्यासारखी वापरून होते. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून जाणारी रेषा आडवी आहे की पावणेतीनकडे झुकली आहे? बहुतेक माणसे मान किंचित कलती ठेवून बसतात आणि विद्यार्थी ती सरळ करून टाकतो. त्याला वाटते आपण चूक दुरुस्त केली. वास्तविक त्या कलण्यातच त्या माणसाची बसण्याची ढब असते.

तिसरे साधन सर्वांत स्वस्त आहे : दोरा आणि त्याला बांधलेला नट. हा ओळंबा समोर धरला की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या बरोबर खाली काय येते ते दिसते. कोणाची नाकपुडी, कोणाच्या ओठाचा कोपरा, कोणाचे काहीच नाही. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि नाकाचे बूड असा त्रिकोण मनात जोडून बघा. तो त्रिकोण पसरट आहे की उभट, यावरून माणूस लांबून ओळखू येतो. चेहरा तिरका, म्हणजे पाऊण बाजूने दिसत असेल तर डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर वाटते त्याहून बरेच मोठे असते. सराईतही तिथे गाल आखूड करून कान पुढे ओढतात. माझा स्वतःचा हा दोष दहा वर्षे गेला नव्हता.

आणि एक गोष्ट जी आपल्या शाळांमध्ये कुणाच्या लक्षातच येत नाही. बाक सपाट असतात. कागद सपाट ठेवून काढले की त्याची वरची कड डोळ्यापासून लांब जाते आणि आखूड दिसते. ती भरून काढायला मूल नकळत वरचा भाग लांबवते. मग चित्र उभे करून पाहिले की चेहरा ताणलेला दिसतो आणि मुलाला वाटते, आपल्याला जमत नाही. उपाय दप्तराचा आहे : बोर्डाच्या वरच्या कडेखाली दप्तर ठेवावे, कागद नजरेला काटकोनात यावा.

मध्येमध्ये चित्र आरशात पाहावे किंवा उलटे करावे. उलट्या चेहऱ्याला मेंदू ओळखीचे ठसे लावू शकत नाही आणि चूक चटकन डोळ्यात भरते. अण्णांच्या वरच्या ओठाची चूक मला तशीच दिसली होती.

मुंबईची परंपरा काय सांगते?

महाराष्ट्रात वास्तववादी व्यक्तिचित्रणाची जी मोठी परंपरा झाली, तिचा पाया मोजमापाचा होता. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन हा शिक्षणाचा कणा होता. पुतळा हलत नाही, थकत नाही, त्याचा प्रकाश बदलत नाही, त्यामुळे माप चुकले तर दोष आपलाच. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या पुढाकाराने तिथे प्रत्यक्ष मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग आला. या परंपरेतून धुरंधर, गोव्याचे त्रिंदाद, हळदणकर, आचरेकर अशी नावे घडली. आचरेकरांनी पुढे ‘रूपदर्शिनी’ या पुस्तकात भारतीय शिल्पांची रूपे आणि जिवंत मॉडेलवरची रेखाटने शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. शास्त्रातले प्रमाण आणि समोरचा माणूस यांची अशी थेट गाठ घालणारे पुस्तक आपल्याकडे झाले, हे नव्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. वासुदेव कामत यांच्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तोही याच परंपरेतून.

आजही आपल्या शहरांत व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक असले की हॉल भरतो. लोक दीड-दोन तास श्वास रोखून बसतात. एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून सुटते. पहिली दहा-पंधरा मिनिटे चित्रकार जवळजवळ काहीच ‘काढत’ नाही. तो दोन पावले मागे जातो, ब्रशचा दांडा धरून ताडतो, एक खूण करतो, पुन्हा मागे जातो. प्रेक्षक तेव्हा मोबाइल पाहत असतात. टाळ्या पडतात त्या शेवटी डोळ्यात चमक टाकल्यावर. ती चमक योग्य जागी पडली, ती पहिल्या पंधरा मिनिटांमुळे.

चौकोन आखून काढले तर ती फसवणूक का?

फोटोवर आणि कागदावर चौकोन आखून चित्र मोठे करण्याची पद्धत सिनेमाचे फलक रंगवणाऱ्यांनी आपल्याकडे घरोघरी पोहोचवली. काही ‘शुद्ध’ कलावंत तिला नाके मुरडतात. त्यांनी इतिहास पाहावा. अल्बर्टीने १४३५ मध्ये झिरझिरीत कापड ताणलेली चौकट वापरायला सांगितली. ड्युररच्या १५२५ च्या पुस्तकातल्या एका चित्रात, समोर बसलेल्या माणसाचे रूप चित्रकार काचेवर टिपताना दिसतो. आणि ज्याला आपण निव्वळ भावनेचा चित्रकार मानतो त्या व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हेगमध्ये स्वतःसाठी तारांची चौकट करून घेतली होती. त्याआधी त्याने बार्गच्या सरावमालेतली रेखाटने पुन्हा पुन्हा उतरवली होती. साधन वापरण्यात लाज नाही.

प्रश्न एवढाच, की साधन वापरून झाल्यावर तुमची नजर कुठे आहे? चौकोन आखणारा निदान प्रत्येक चौकोनात रेषा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते पाहतो. प्रोजेक्टरने फोटो कॅनव्हासवर पाडून त्यावरून पेन्सिल फिरवणारा तेवढेही पाहत नाही. फोनवर तर आता कागदावर फोटोची छाया दिसेल अशी ॲप आहेत. त्यांनी काढलेले चित्र बिनचूक येते. मग एक दिवस समोर जिवंत माणूस बसतो आणि हात गारठतात.

त्यात फोटो स्वतःच खरे बोलत नाही. फोन हातभर अंतरावर धरून काढलेल्या सेल्फीत नाक पुढे येते आणि कान मागे पळतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांनी याचे गणित मांडले. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासते. पाच फुटांवरून ही विकृती जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे तुम्ही सेल्फीवरून अगदी काटेकोर मापे घेतलीत, तर चूकही काटेकोर येणार. फोटोवरून काढायचेच असेल तर तो पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून काढलेला घ्यावा.

फोनचा एक उपयोग मात्र मला फार मोलाचा वाटतो, आणि तो उलट क्रमाने आहे. आधी नजरेने चित्र पूर्ण करा. मग त्याचा फोटो काढून मूळ फोटोवर अर्धपारदर्शक करून ठेवा. आपली चूक नेहमी एकाच दिशेची असते, हे दोन-चार चित्रांत कळते. कोणाचे डोळे दर वेळी वर जातात, कोणाचा जबडा दर वेळी रुंद होतो. माझ्याकडची एक विद्यार्थिनी वहीच्या पहिल्या पानावर ‘उजवा डोळा खाली घे’ असे लिहून ठेवते. तिला आता ॲप लागत नाही.

शाळेत हे कुठे बसते?

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना राज्यभरातून मुले बसतात. एलिमेंटरीत वस्तुचित्र असते, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. तिथे व्यक्तिचित्र नाही हे बरोबरच आहे. पण तांब्या, कांदे आणि कापड यांची मांडणी पाहून काढणे म्हणजे दुसरे काय असते? तांब्याची रुंदी त्याच्या उंचीत किती वेळा जाते, हे ज्याला पाहता आले त्याला चेहरा अवघड नाही. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तयारी कशी होते, ते पालकांना माहीत आहे. तीन-चार मांडण्या पाठ केल्या जातात, तांब्याचा आकार घोटून घेतला जातो आणि स्मरणचित्रासाठी तयार माणसे गिरवली जातात. दहावीच्या वाढीव गुणांची गणिते डोक्यात असली की हे होणारच. मांडणीकडे न पाहता काढलेल्या वस्तुचित्राला चांगली श्रेणी मिळते, यापेक्षा मोठा विनोद चित्रकलेच्या शिक्षणात सापडणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही : मापांच्या मागे लावून मुलांची उत्स्फूर्तता मारू नका. लहान मुलांबाबत मला तो पूर्ण मान्य आहे. सहा वर्षांच्या मुलीने आजीचे डोके घराएवढे काढले तर ते तसेच असू द्यावे. तिला आजी तेवढीच मोठी वाटते. पण अकरा-बारा वर्षांचे मूल स्वतःच म्हणू लागते, ‘‘माझं चित्र खरं दिसत नाही.’’ त्या वयात त्याला ‘छान आहे, मनापासून काढलंयस’ म्हणणे ही एक प्रकारची टाळाटाळ आहे. त्याने नेमका प्रश्न विचारलेला असतो आणि त्याला नेमके उत्तर असते. ते आपण देत नाही, म्हणून ते चित्र सोडते. मोठेपणी वाकडेतिकडे काढायचे स्वातंत्र्य त्याला हवे असेल तर ते खुशाल घ्यावे. सरळ काढता येत नाही म्हणून वाकडे काढणे आणि सरळ काढता येत असूनही वाकडे काढणे, यांतला फरक बघणाऱ्याला लगेच कळतो.

आठवड्याला चित्रकलेचा एकच तास, तोही कधी गणिताला उसना दिलेला, ही स्थिती मी जाणतो. तरी आठ तास पुरतात. पहिले दोन खिडक्या, दारे आणि कोपर. मग दोन तास तांब्या आणि बाटली, फक्त गुणोत्तरे. एक तास दोरा-नटाचा. मग शेजारी बसलेल्या मित्राचे डोके, नाक-डोळे न काढता, नुसती पेटी आणि आडव्या रेषा. मुलांना हाच तास सर्वांत आवडतो, कारण नाक-डोळ्यांशिवायही ‘हा तर पक्या!’ असे कोणीतरी ओरडते. शेवटचे दोन तास पूर्ण चेहऱ्याचे. खर्च दोऱ्याचा आणि नटांचा. सायकलवाला ते फुकट देतो.

अण्णांच्या चित्राचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी ओठ सहा मिलिमीटर वर घेतला. त्याबरोबर हनुवटी, मग मान, असे जवळजवळ खालचे सगळे पुन्हा काढावे लागले. पंधरा दिवसांनी मुलगा आणि त्यांच्या आई असे दोघे आले. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाला हळूच म्हणाल्या, ‘‘हे आहेत.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘फक्त चष्मा थोडा खाली घ्याल का? फोटोवाल्यानं तो वर करायला लावला असेल. घरात ते नाकावर आणूनच पेपर वाचायचे.’’

किती खाली, ते विचारले. त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवले. मी पेन्सिल काढून ते माप घेतले.